भंगार म्हणायची एवढी घाई कुणाला?



गेल्या महिन्यात लोदला आमच्या एका मावशीचे श्लोशीम झाले. तीस दिवस संपले आणि एकतिसाव्या दिवशी घर आवरायला सुरुवात. त्यात मी कुणाला दोष देत नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, चावी द्यायची तारीख ठरलेली. साड्या वाटल्या, पितळेची भांडी वाटली, प्रार्थनेची पुस्तकं सिनेगॉगला गेली. उरला एक निळा बिस्किटांचा डबा. आत चाळीसेक नाणी, एकमेकांना चिकटलेली, हिरवी, काळी, काही इतकी गुळगुळीत की छाप कुठला आणि काटा कुठला ते कळू नये.

मावशीचा नातू डबा घेऊन तेल अवीवला नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने अर्ध्या मिनिटात दोन राणीछाप रुपये वेगळे काढले, काट्यावर टाकले, चांदीचा भाव सांगितला आणि बाकीच्या ढिगाकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणाला: ग्रुताओत. भंगार.

मुलगा बिचारा चांगला. टाकायच्या आधी त्याने मला फोन केला. "आत्या, ह्याचं केसेफ काही येत नाही. नुसती जागा जाते. टाकू ना?"

मी म्हटलं, थांब, मी बस पकडून येते.

हा लेख त्या मुलावर नाही. त्या व्यापाऱ्यावरही नाही, त्याने त्याचं काम केलं. तो धातू विकत घेतो, मला ठाऊक आहे. माझं भांडण आहे ते आपल्याशी, आपल्या पिढीशी, जिने मुलांना घरातल्या जुन्या वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारायला शिकवलं: किती येतील? बाजारात किती येतील, हा प्रश्न वाईट नाही. पण तो पहिला प्रश्न झाला की दुसरा कुणी विचारतच नाही.

मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, आधी मुंबईत, मग इथे. नर्सिंगच्या डिप्लोम्यात पहिल्या वर्षी जे शिकवलं ते अजून हाडात आहे: पेशंट कसा दिसतो यावरून निकाल द्यायचा नाही. ओरडतो तो बहुतेक वेळा जगतो, कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे आधी जा. आणि दुसरं म्हणजे केसपेपर. बेशुद्ध माणूस आणला, बरोबर कुणी नाही, खिशात चिठ्ठी नाही, तर डॉक्टर कितीही हुशार असो, अंधारात चाचपडतो. सोबत एखादी म्हातारी बाई आली आणि म्हणाली, "ह्याला साखर आहे, सकाळपासून जेवला नाही," तर पाच मिनिटांत जीव वाचतो. जुन्या नाण्याचं अगदी तसंच आहे. केसपेपर नसेल तर ते खरंच भंगार. केसपेपर असेल तर ते कितीही कुरूप असो, टाकायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठी मी भांडायला तयार आहे.

आता डब्यात काय होतं ते सांगते.

राणीछाप दोन रुपये. वजन करून पाहिले, दोन्ही साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. नवा असताना हा रुपया 11.66 ग्रॅमचा, शंभरातले जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी. एकावर 1862 साल. मुलाचे डोळे चमकले. त्याला सांगावं लागलं की 1862 चं साल असलेले रुपये पुढे कित्येक वर्षं तेच साल घालून पाडत राहिले, त्यामुळे ते सगळ्यांत जास्त सापडतात. सहाव्या जॉर्जचा एक रुपया, 1940 नंतरचा, म्हणजे चांदी निम्मीच. पाच-सहा भोकाचे पैसे, 1943 ते 47 मधले, युद्धाच्या काळात धातू वाचवायला मध्ये भोक पाडून काढलेले. आपल्या वयाच्या सगळ्यांना ते आठवतील, करगोट्यात ओवून खेळायला देत असत. तांब्याचे पाव आणे, जाड. इथले काही प्रुता, लीराच्या काळातली आगोरा, टेलिफोनचे दोन असिमोन. म्हणजे मावशीने अलिबागचा डबा बंद करून आणला नव्हता. ती इथेही त्यात टाकत राहिली होती. हे मला फार आवडलं.

आणि तळाशी एक तांब्याचा जाडजूड तुकडा. कडा वेडीवाकडी, एका बाजूला भोक, रंग जुन्या परसातल्या शेवाळासारखा. व्यापाऱ्याने तो उलटूनही पाहिला नसणार.

मी खिडकीचा पडदा ओढला, फोनचा टॉर्च टेबलाला समांतर धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं. कुठलंही झिजलेलं नाणं वाचायची हीच रीत आहे. उजेड वरून टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला तर एक केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. दोन समांतर रेघा दिसल्या. त्यांच्यावर "छ"चं पोट आणि "त्र"चा पाय, खाली "ति". छत्रपति. दुदांडी शिवराई.

आता कुणी उड्या मारू नका. महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई सुरू केली हे खरं, पण ही दोन रेघांची दुदांडी नंतरची, पेशवाईतली. ती गाडीभर पाडली गेली, साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून पूरं नाव क्वचितच उमटलं. इंग्रज आल्यावरही आपल्या बाजारात ती कित्येक वर्षं चालत राहिली. आजही पुण्या-मुंबईत कुठल्याही नाणेवाल्याकडे थोड्या पैशांत मिळते. भोक पडलेली तर त्याहून स्वस्त, कारण संग्राहकाच्या लेखी भोक म्हणजे खोड.

तर बाजाराच्या हिशेबाने व्यापारी बरोबर होता. पुरता बरोबर.

पण ते भोक पाहा. मी पाहिलं, नर्सच्या सवयीने, जखम पाहतात तसं. नव्या खिळ्याने पाडलेलं भोक गोल असतं, कडा धारदार. हे गोल नव्हतं. वरच्या बाजूला ते लांबट झालं होतं, दोऱ्याने किंवा साखळीने वर्षानुवर्षं घासून, आणि तिथली कड साबणासारखी मऊ. नाण्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सपाट, म्हणजे ती अंगाकडची. ही शिवराई बाजारात फिरून झिजली त्याहून जास्त कुणाच्या तरी गळ्यात झिजली. संग्राहक ज्याला खोड म्हणतो तोच इथे केसपेपर.

इथे माझ्या ओळखीचे एक धर्म पाळणारे गृहस्थ मला अडवतील म्हणून आधीच बोलते. ते म्हणतील, बाई, झिजलेल्या नाण्याबद्दल आपल्या शास्त्रातच सांगितलंय. सांगितलंय खरं. बाबा मेत्सियामध्ये चर्चा आहे की सेला हे नाणं किती झिजलं तर ते देणं म्हणजे फसवणूक ठरते, आणि ज्याला ते मिळालं त्याने किती दिवसांत परत करावं. शहरात सराफाला दाखवून होईपर्यंत, खेडेगावात शब्बाथच्या आदल्या दिवसापर्यंत. पुढे असंही आहे की फार झिजलेलं नाणं वजन म्हणून वापरू नये, भंगारात टाकू नये, भोक पाडून मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात बांधू नये. त्याची पूड करावी, वितळवावं, तोडावं, नाहीतर मृत समुद्रात नेऊन टाकावं.

आमच्या आज्यांनी नेमकं तेच केलं जे करू नका म्हटलंय. मग त्या चुकल्या? मी पंडित नाही, पण त्या नियमामागचं कारण कुणालाही कळण्यासारखं आहे: ते नाणं पुन्हा बाजारात येऊन कुणा गरिबाच्या माथी मारलं जाऊ नये. जे नाणं आज लोदच्या मखोलेतमध्ये एक पाव देखील आणू शकत नाही, त्याने कुणाची फसवणूक व्हायची? मला त्या चर्चेतून दुसरंच काही दिसतं. आपल्या जाणत्या लोकांनी गुळगुळीत पैशाचा एवढा बारकाईने विचार केला, त्याला दिवसांची मुदत लावली, त्याचं पुढे काय करावं यावर वाद घातले. आणि भंगारात टाकू नका हे त्यांनीही सांगितलं. भंगारासाठी त्यांचा शब्द आणि त्या व्यापाऱ्याचा ग्रुताओत हा एकाच घराण्यातला.

आणखी एक. खिशातला शेकेल काढा. त्यावर लिलीचं फूल आहे. ते इराणी अमलाखालच्या येहूद प्रांताच्या चांदीच्या नाण्यावरून घेतलंय. ती मूळ नाणी करंगळीच्या नखाएवढी, वाकडी, अर्धी अक्षरं बाहेर गेलेली. 1949 च्या एका प्रुतावरचा नांगर हास्मोनी राजा अलेक्झांडर यान्नाय याच्या तांब्याच्या नाण्यावरचा, आणि ती नाणी तर इथल्या मातीत ढिगाने सापडतात, बहुतेक झिजलेली आणि किटलेली. देश उभा राहिला तेव्हा तोंड दाखवायला त्याने हीच कुरूप नाणी पुढे केली. आणि आपण मात्र आपली शिवराई हिरव्या कचराकुंडीत टाकायला निघालो.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना दोन शब्द, कारण तेही काही कमी नाहीत. हे लोक काहीच टाकत नाहीत आणि प्रत्येक काळ्या चकतीवर गोष्ट रचतात. एका कार्यक्रमात मला एकाने शपथेवर सांगितलं की त्याच्या घरचं नाणं नवगावला जहाज फुटलं तेव्हा वाचलेल्या सात जोडप्यांपैकी एकाच्या कमरेला होतं. मी चष्मा लावून पाहिलं. कंपनी सरकारचा पाव आणा, त्यावर 1835. मी काही बोलले नाही, मालीदा खाल्ला आणि घरी आले. पण इथे बोलते. असं करू नका. ह्या देशात आपल्या लोकांना एकदा विचारलं गेलं की तुम्ही कोण, पुरावा काय. 1964 साली त्यासाठी आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसावं लागलं. ती जखम मला समजते. तिच्यापोटीच आपण प्रत्येक वस्तूला दोन हजार वर्षं चिकटवायला जातो. पण नाण्याने खोटी साक्ष दिली तर उद्या आपल्या खऱ्या साक्षीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवराई आपण कुठून आलो ते सांगत नाही. आपण कुठे राहिलो ते सांगते. शनवार तेली म्हणून घाणा चालवला, तेलाच्या बदल्यात हातात आला तो हाच पैसा, मराठ्याच्या हातातून, कोळणीच्या हातातून. एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

"जुनं नाणं लाखाला जातं" असे व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एकच ओळ: भारताच्या रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केलंय की बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेतो म्हणणारे आणि त्यासाठी फी मागणारे ठग आहेत. त्यांना पैसे पाठवू नका.

आता साफसफाईबद्दल, आणि इथे मला स्वतःचं पाप कबूल करायचंय.

मी दहा-अकरा वर्षांची असताना, रेवदंड्याजवळच्या आमच्या घरी पेसाहच्या आधी भांडी घासायचं काम माझ्याकडे होतं. आजीची पैशांची पुरचुंडी दिसली. मी म्हटलं, हिला खूश करू. चिंच आणि राख घेतली, परसात बसले आणि एकेक पैसा असा घासला की गुलाबी झाला. आजीला नेऊन दाखवला. तिने हातात घेतला, उलटासुलटा केला, अंगठा फिरवला, आणि काही न बोलता परत फडक्यात बांधला. मला वाटलं तिला दिसत नाही. खूप वर्षांनी लक्षात आलं की ती अंगठ्याने अक्षरं शोधत होती. ती मी घासून टाकली होती.

म्हणून सांगते, चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, पितांबरी नको, टूथपेस्ट नको, कोका कोला तर नकोच. नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत तपकिरी किंवा गडद हिरवा थर म्हणजे खपली. खाली जे उरलंय ते तिनेच धरून ठेवलंय, पुष्कळदा अक्षरं त्या थरातच असतात. खपली आपण ओढून काढतो का? मुलं काढतात आणि मग रक्त येतं.

पण प्रत्येक हिरवं म्हणजे खपली नव्हे. फिकट, भुकटीसारखं हिरवं, पुसलं की जातं आणि काही दिवसांनी त्याच जागी परत येतं, ते दुखणं चालू असल्याचं लक्षण. मीठ आणि ओल आत शिरलेली असते आणि तांबं आतून खात राहते. आपले लोक अश्दोदला, समुद्राच्या हवेत राहतात, तिथे हे जास्त. अशा पेशंटला आधी वेगळा ठेवायचा, बाकीच्यांत मिसळायचा नाही. फार्मसीतून डिस्टिल्ड पाणी आणून त्यात बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं, चांगले आठ-पंधरा दिवस. मग पूर्ण कोरडं करून काचेच्या बरणीत, औषधाच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात कधीच नाही. ते प्लास्टिकच पुढे चिकट हिरवं पाणी सोडतं. साधी कागदी पाकिटं उत्तम. आणि नाणं कडेने धरायचं, हात कोरडे करून.

कायद्याचंही एक सांगून टाकते. ह्या वर्षी पुष्कळ जण नवगाव-अलिबागला जाणार आहेत. तिथे कुणी प्रेमाने शंभर वर्षांपूर्वीचं नाणं हातावर ठेवलं तर नमस्कार करून परत द्या. 1972 च्या भारतीय कायद्याने ते पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि इथे अंगणात खणताना 1700 च्या आधीचं काही लागलं तर पंधरा दिवसांत पुरातत्त्व खात्याला कळवायचं असतं.

परत लोदला येते.

त्या मुलाला मी म्हटलं, रुपये विकायचे तर वीक. खरंच म्हटलं. त्या दोन रुपयांबद्दल घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि तसे रुपये जगात लाखो आहेत. भोकाच्या पैशांतला एक ठेव, मुलांना दाखवायला, बाकीचे नातेवाइकांत वाट. असिमोन टाकायचे तर टाक. माझ्या ह्या म्हणण्यावर काही जण नाराज होतील, "सगळं जपा" म्हणणारे. पण ज्या घरात सगळंच जपतात तिथे काहीच जपलं जात नाही. वॉर्डात सगळ्यांनाच तातडीचं म्हटलं की जो खरंच तातडीचा तो मरतो.

शिवराई मात्र मी पर्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या धाकट्या बहिणीकडे गेले. ती बेत अवोतमध्ये असते, नव्वदीला आलीय, आज वार कोणता ते तिला सांगता येत नाही. मी काही विचारलं नाही. नुसती शिवराई तिच्या तळहातावर ठेवली. तिने पाहिलंही नाही, बोटं मिटली, अंगठ्याने भोक शोधलं आणि म्हणाली, "ही माझ्या गळ्यात होती. गोवर आला तेव्हा आईने बांधली." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, माझ्या नाही, बाईच्या." बाई म्हणजे आमची मावशी. मग तिने आईने दोरा कुठला घेतला ते सांगितलं, काळा नव्हे, लाल, लुगड्याच्या काठातून काढलेला. आणि गोवरात मेलेल्या एका भावाचं नाव घेतलं. तो होता हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तिथेच बसून तिच्या समोर लिहून काढलं. दोन्ही लिहिलं, माझ्या गळ्यात आणि बाईच्या गळ्यात, कारण कुठलं खरं ते ठरवणारी मी कोण. तारीख घातली, कुणी सांगितलं ते घातलं. मराठीत लिहिलं, खाली हिब्रूत, म्हणजे मुलाच्या मुलांना वाचता येईल.

तुमच्या घरी असा डबा असेलच. भारी गोष्टींची गरज नाही, वहीचं पान पुरे. पण ज्याला ठाऊक आहे तो माणूस असेपर्यंत विचारा. आपल्यातले असे आता किती उरलेत ते मला सांगायला नको, तुम्हीही त्याच शिवांना जाऊन बसता.

शिवराई परत त्या मुलाकडे आहे, कागदी पाकिटात, चिठ्ठीसकट. दोन पाव आणे माझ्या स्वयंपाकघरात डिस्टिल्ड पाण्यात आहेत. एकाचं पाणी काल स्वच्छ निघालं. दुसऱ्यावर आज सकाळी पुन्हा फिकट हिरवी भुकटी दिसली, त्याला अजून आठवडाभर ठेवणार आहे.